दूध कमी करू नका, आधी कार्ड मिटवा

प्रश्न : ताई, आम्ही चिंचवडला राहतो. मिस्टरांचा पगार हातात ४१,००० येतो, मी घरी ब्लाऊज शिवते त्याचे साडेपाच हजारांपर्यंत मिळतात. होमलोनचा हप्ता, दोन मुलांची शाळा-क्लास, किराणा, सगळं धरून २० तारखेनंतर हात आखडता घ्यावा लागतो. मी खूप काटकसर करते, पनीर बंद केलं, दूध दीड लिटरवरून एक लिटरवर आणलं, भाजीला मंडईत संध्याकाळी उशिरा जाते. जूनमध्ये मुलांची फी आणि नंतर फ्रिज क्रेडिट कार्डवर घेतला, त्याचे ४२,००० बाकी आहेत, मिस्टर दर महिन्याला मिनिमम २,१०० भरतात. बँकेत माझी महिना २,००० ची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) आहे, दोन वर्षं झाली, पण सासूबाई म्हणतात साठवलेलं मोडायचं नसतं. अजून कुठे कपात करू? वर्षाच्या मोठ्या खर्चांची यादी सोबत दिली आहे.

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून सगळ्यात आधी वाटलं ते हे की मुलांचं दूध आजपासून पूर्वीसारखं सुरू करा. अर्धा लिटर दुधाचे महिन्याला हजाराच्या आतबाहेर वाचतात आणि तिकडे कार्डावर त्याच्या दुप्पट जातात, म्हणजे घास मुलांच्या तोंडातला काढला तरी हातात काहीच राहत नाही.

मिस्टरांना कार्डचं स्टेटमेंट काढायला सांगा आणि दोघं मिळून बसा. वर टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू असे दोन आकडे असतात, ते सोडून खाली फायनान्स चार्जेस, म्हणजे व्याज, लिहिलंय तिथे बोट ठेवा. बऱ्याच कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, तुमच्या कार्डाचा स्टेटमेंटवर छापलेला असेल. साडेतीनने ४२,००० वर १,४७० व्याज, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, झाले साधारण १,७३५. म्हणजे तुम्ही २,१०० भरता त्यातले ३६५ रुपयेच मुद्दलात जातात. त्यात बाकी थकलेली असताना त्याच कार्डवर पेट्रोल किंवा किराणा घेतला तर त्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं, आणि हे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही कारण मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही आणि वाटतं सगळं सुरळीत चाललंय.

आता आरडी. दोन वर्षांचे ४८,००० आणि व्याज धरून ५१,००० च्या जवळपास झाले असतील. साडेसहा टक्के दर धरला तर त्यातल्या ४२,००० वर तुम्हाला महिन्याला सव्वादोनशे मिळतात आणि तेवढ्याच रकमेवर तुम्ही १,७३५ भरता. सासूबाईंना हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवा, त्यांनी आयुष्यभर एकेक रुपया सांभाळलाय, त्यांना पटेल. मुदतीआधी मोडली म्हणून बँक व्याजात थोडं कापेल, कापू दे. कार्ड पूर्ण मिटवा, उरलेले आठ-नऊ हजार अडीअडचणीला बाजूला ठेवा. (ज्यांची आरडी पोस्टात आहे त्यांच्यासाठी सांगते, ती ३ वर्षांच्या आत बंद करता येत नाही, पण १२ हप्ते भरले असतील तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजाने, ते कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त.)

पण एवढ्यावर थांबलात तर पुढच्या जूनला परत कार्ड बाहेर निघेल. तुमच्या यादीत शाळेची फी, पुस्तकं, युनिफॉर्म २८,०००, विम्याचा हप्ता ९,०००, गाडीचा इन्शुरन्स-सर्व्हिसिंग ४,०००, गणपती-दिवाळी १२,०००, लग्नातले आहेर ७,००० आहेत. बेरीज ६०,०००, महिन्याला ५,०००. हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी त्याच महिन्यात येतात, फक्त आपण त्यांना महिन्याच्या हिशोबात धरत नाही. कार्डाचे २,१०० आणि आरडीचे २,००० मोकळे झाले, शिवणातले ९०० घाला, पाच हजार झाले. पगार झाला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला युपीआय जोडू नका, जोडलं की चहा-वडापावलाही तिथूनच जातात.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पुण्यात वन बीएचकेमध्ये. आई म्हणते वर्षाचं धान्य उन्हाळ्यातच भरून ठेव, स्वस्त पडतं. खरंच पडतं का?

उत्तर : आईचं म्हणणं बरोबर आहे पण ते मोठ्या घराचं गणित आहे, जिथे माळा होता, गच्ची होती आणि खाणारी दहा माणसं होती. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, तूर त्याच्याही आधी, त्यामुळे तेव्हा घेतलेलं बहुतेकदा परवडतं. मात्र दोघांना महिन्याला आठ-दहा किलो गहू पुरतो, वर्षाचं क्विंटलभर घेतलं आणि पावसाळ्यात किडे झाले की वाचवलेलं सगळं गेलं. एक पोतं घेऊन बहिणीत नाहीतर शेजारणीत वाटून घ्या, चार-पाच महिन्यांचं ठेवा. गव्हाला कडक ऊन दाखवा, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा (गरम भरला की आत ओल धरते), वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवा. लाल तिखट मात्र वर्षाचं करा. ब्याडगी आणि लवंगी मिरची आणून उन्हात वाळवून डंकावर कुटून घेतलेलं तिखट जागा फार घेत नाही, आणि भेसळीची काळजी राहत नाही.

प्रश्न : सराफाकडची सोन्याची भिशी, ११ हप्ते आपले आणि एक त्यांचा, घ्यावी का?

उत्तर : मंगळसूत्र किंवा बांगड्या करायच्याच असतील तर ठीक, पण सेव्हिंग म्हणून नको. शेवटी दागिनाच घ्यावा लागतो, त्याच्यावर घडणावळ आणि जीएसटी, त्यात तो फुकटचा हप्ता बराचसा जातो. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, तसा इथे नाही, दुकान बंद पडलं तर धावाधाव तुमचीच. पहिला हप्ता भरायच्या आधी घडणावळ किती टक्के लावणार आणि मधेच थांबलं तर पैसे कसे परत मिळणार हे लेखी घ्या, आणि दागिना घेताना त्याच्यावरचा सहा अक्षरी हॉलमार्क नंबर बघूनच घ्या.