मुसंडी मारतात, घेत नाहीत

प्रश्न डरहॅमहून आला आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या या गावी राहणाऱ्या एक वाचक तिथल्या मराठी मंडळींसाठी गावच्या बेसबॉल संघावर चार ओळी लिहीत होत्या. संघाचं नाव डरहॅम बुल्स, दर्जा मायनर लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीचा. हंगाम संपत आला की प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाची अखेरची फेरी, गाठण्यासाठी जी शेवटची धडपड चालते, तिला तिकडे ‘लेट सीझन पुश’ म्हणतात. बाईंनी आधी लिहिलं ‘हंगामाच्या उशिराचा धक्का’. ते कानाला खटकलं, म्हणून मग ‘बुल्सने मुसंडी घेतली’. यातलं बरोबर कोणतं?

पहिलं तर खोडूनच टाका. हंगामाच्या शेवटी संघाला ‘धक्का’ म्हटल्यावर मराठी माणूस संघ हरला असंच समजणार. (याच जातीचं ‘अल्पवयीन लीग’ हे भाषांतरही मी वाचलं आहे. दाढीवाले बाप्ये खेळतात हो तिथे!)

दुसऱ्यात शब्द अस्सल, क्रियापद चुकलं. दोष बाईंचा नाही, रोज टीव्हीवर हेच कानावर पडतं. उसळी घेतात, झेप घेतात, आघाडी घेतात. मुसंडी मारतात. ‘मुसंडी घेतली’ ऐकलं की कुणीतरी पावशेर मुसंडी कागदात बांधून दुकानातून निघाल्यासारखं वाटतं. दुसरा छळ ‘विजयी मुसंडी’चा. पहिल्या दिवसापासून पहिल्या नंबरावर असलेला संघ कसली मुसंडी मारणार? त्यासाठी आधी मागे असावं लागतं आणि समोर काहीतरी आडवं असावं लागतं: गर्दी, कुंपण, गडी.

उसाच्या फडातून उठलेलं रानडुक्कर पाहिलंय? ते मान वर करत नाही. नाकाड जमिनीलगत, खांदे पुढे, आणि वाटेत येईल त्याच्याखाली थोबाड घालून ते उलथवून टाकतं. ही मुसंडी.

मायनर लीगला हा शब्द बसतो तो तिथल्या रचनेमुळे. बुल्स खेळतात त्या इंटरनॅशनल लीगमध्ये 150 सामन्यांचा हंगाम दोन भागांत मोडलेला असतो. पहिल्या भागाचा विजेता आधीच आत, आणि दुसऱ्या भागाला सगळ्यांची पाटी कोरी. त्यामुळे जूनपर्यंत तळाला लोळणारा संघही सप्टेंबरात आत घुसू शकतो. 2023 मध्ये पहिला भाग नॉरफोकने जिंकला, दुसरा डरहॅमने, मग दोघं भिडले आणि चषक नॉरफोकने नेला. आणि आडवं काय असतं म्हणाल, तर पुष्कळदा स्वतःचंच घर. 1 सप्टेंबरला मेजर लीगच्या संघांना 26 ऐवजी 28 खेळाडू ठेवायची मुभा मिळते. ते दोघे येणार कुठून? खालूनच. ऐन मोक्याला बुल्सचा भरवशाचा फलंदाज टँपा बेला, म्हणजे बुल्स ज्याच्या हाताखाली आहेत त्या मेजर लीग संघाकडे, रवाना! अशा घरातून जी मारतात तिला मुसंडी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आता खरी गंमत. मुसंडी आली कुठून?

पुष्कळ जाणकार तिला ‘मुसळा’ला बांधतात. का, तर पहिली दोन अक्षरं जुळतात! या न्यायाने मुसाफिरही उखळातूनच निघाला म्हणायचा. दुसरा पक्ष मुस्कट, मुसकी यांच्या रांगेत बसवून ‘मुख’ काढतो. डुकरामुळे ते पटण्याजोगं दिसतं, पण मग ‘अंडी’ कुणी घातली, याचं उत्तर मिळत नाही.

माझा तर्क वेगळा आहे आणि मी तो सोडणार नाही. अर्धमागधी या प्राकृत भाषेतल्या औपपातिक सूत्रात, जैनांच्या एका आगमग्रंथात, चंपा नगरीचं वर्णन आहे. नगरी शिरायला किती अवघड, हे सांगताना एका दमात ‘चक्क-गय-मुसुंढि’ येतात: चक्र, गदा आणि मुसुंढी. मुसुंढी म्हणजे हत्यार. महाभारतातली भुशुंडी ती हीच किंवा हिची सख्खी बहीण. (भुशुंडी म्हणजे बंदूक असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्याकडे बंदूक आहे.) मुसुंढीची मुसंडी व्हायला फार काही लागत नाही. मधला उकार पुसट झाला आणि ढ चा ड. शेवटचा महाप्राण (ख, थ, ढ यांतला ‘ह’) सांडायची मराठीला सवयच आहे: हत्थचा हात, भुक्खाची भूक, भिक्खाची भीक. महाप्राण न सांडलेले दूध आणि जीभ पुढे करणाऱ्यांना उत्तर सवडीने देईन.

हत्याराचं नाव कृतीला कसं चिकटेल, असं विचारतात. बडगा आठवा. ‘कारवाईचा बडगा’ रोज छापतात, पण बडगा म्हणजे जाडजूड सोटा हे किती जणांना ठाऊक असतं? सोटा विसरला, उगारणं उरलं. तसंच मुसुंढी विसरली, मारणं उरलं. म्हणूनच, पुन्हा सांगतो, ‘घेणं’ नाही!

बाईंनी जाता जाता विचारलं आहे की, राखीव पिचर (चेंडू टाकणारे) जिथे हात मोकळा करतात त्या जागेचं ‘बुलपेन’ हे नाव त्यांच्याच गावच्या बुल डरहॅम तंबाखूच्या मैदानांतल्या जाहिरात-पाट्यांवरून पडलं का. गावाच्या अभिमानाला धक्का (इथे हा शब्द चालतो) लावायला वाईट वाटतं, पण नाही. संघाचं ‘बुल्स’ खुशाल त्या तंबाखूचं. बुलपेन म्हणजे कोंडवाडा. अमेरिकी यादवी युद्धात कैदी कोंडायच्या जागेला तो शब्द होता, आणि 1877 मध्ये सिनसिनाटीच्या वृत्तपत्राने स्वस्तातल्या प्रेक्षकांना मैदानात जिथे दाटीने उभं करत, त्या जागेला तो वापरला. तेव्हा त्या पाट्या कुठे होत्या?

एक बारकावा राहिला. डरहॅमच्या मैदानात डाव्या बाजूला लाकडी बैल उभा आहे. घरच्या खेळाडूने होमरन मारली की त्याचे डोळे लाल होतात आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. काटेकोर बोलायचं तर हा मुसंडी मारणार नाही. बैल धडक देतो, शिंगावर घेतो, आणि वासरू असलं तर ढुशी देतं. गोठ्यात बघा, आईने पान्हा चोरला की वासरू कासेला खालून ढुशीवर ढुशी देतं आणि दूध सोडायला लावतं. मायनर लीगच्या पोरांना ‘ढुशी’च जास्त शोभेल, असं मला हे लिहिता लिहिता वाटायला लागलंय. पण अंक निघायच्या घाईत असाल तर ‘मुसंडी मारली’ करा.