पडद्यावरचे प्रश्न : श्रीमंतांच्या घरातले खून

'द बिग स्लीप' (१९४६) दोनदा पाहिला. स्टर्नवूड कुटुंबाचा ड्रायव्हर गाडीसकट समुद्रात सापडतो. त्याला मारलं कोणी? आमचं काही निसटलं का?

तुमचं काही निसटलेलं नाही. ब्लॅकमेल करणारा ब्रोडी त्याला फटका मारून बेशुद्ध केल्याचं आणि फिल्म काढून घेतल्याचं कबूल करतो, खुनाचं मात्र नाही. पण गाडी पाण्यात कशी गेली, ते सिनेमा सांगतच नाही. चित्रीकरण चालू असताना मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरलाच तार करून विचारलं होतं, त्यालाही ठाऊक नव्हतं! तो धागा सोडा आणि त्या घराकडे बघा. सुरुवातीचा काचघरातला प्रसंग पुन्हा लावा. चाकांच्या खुर्चीतला म्हातारा जनरल पांघरूण घेऊन बसलाय, समोर खासगी गुप्तहेर मार्लो घामाने निथळतोय. ब्रँडी जनरलची, पण पिणार पाहुणा. जनरलने फक्त बघायचं. दोन मुली हाताबाहेर गेलेल्या, पैसा भरपूर आणि अंगात ऊब नाही. सगळं कुटुंब त्या एका प्रसंगात कळतं.

याच्या दोन आवृत्त्या आहेत म्हणे. कुठली पाहावी?

आधी १९४६ची. १९४५ची आवृत्ती परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवली होती; ती १९९७ साली चित्रपटगृहांत आली. तिच्यात सरकारी वकिलाच्या कचेरीतला, प्रकरण उलगडून सांगणारा प्रसंग आहे. नंतर तो काढला आणि नायक-नायिका बोगार्ट-बकॉलचे नवे प्रसंग घातले, घोड्यांच्या शर्यतीच्या आडून चालणारं बोलणं त्यातलंच. गुंता वाढला, पण सिनेमा जिवंत झाला. कथा नीट लावायची असेल तर जुनी आवृत्ती नंतर पाहा.

वाड्यात खुनाच्या कथेवर शॉर्टफिल्म करतोय. खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर पुसटच पडते. एलईडी पॅनल एक फुटाचं आहे.

दोष पॅनलच्या आकाराचा आहे. सावलीची कड किती पसरेल, याचा हिशेब सोपा आहे : दिव्याची रुंदी गुणिले गज ते भिंत अंतर, भागिले दिवा ते गज अंतर. १२ इंची पॅनल गजांपासून ६ फुटांवर आणि भिंत ३ फुटांवर असेल, तर कड ६ इंच पसरते. गजांमध्ये ४ इंचांची फट असेल तर सावल्या एकमेकींत मिसळणारच. दोनेक इंचांचा उघडा दिवा घ्या, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) काढा, १२ फुटांवर न्या. कड अर्ध्या इंचावर येते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून दिवा ताकदीचा हवा.

तरीही सावली करडी दिसली तर भिंतींचा पांढरा चुना बघा. उजेड तिथून उलटून सावलीत भरतो. समोरच्या भिंतीवर आणि कॅमेऱ्याच्या बाजूला काळं कापड टांगा. चेहऱ्याची उजळ बाजू काळोख्या बाजूपेक्षा तीन स्टॉपने वर ठेवा, म्हणजे आठपट. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, उजळ पट्ट्यावर लावा. संकलनात सावली उजळायला गेलात तर नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, दिसतो. आणि गजाची सावली नटाच्या डोळ्यांवर येत असेल तर दिव्याला हात लावू नका, नटालाच दोन इंच सरकवा.