पुश्किनचा तो चेहरा नक्की काढला कुणी?

प्रश्न: आजोबांच्या जुन्या पुस्तकात रशियन कवी पुश्किनचं चित्र सापडलं, कुरळे केस, कल्ले, खांद्यावर चौकड्यांची शाल. जवळून बघितलं तर नुसत्या बारीक रेघाच. हे पेननं काढलंय का? खाली दोन नावं का आहेत? आणि असलं काम आपल्याकडं कुणी केलंय का? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: पेन नाही ओ, तांब्याचा पत्रा! मूळ तैलचित्र किप्रेन्स्की या रशियन चित्रकारानं १८२७ मध्ये केलं, पुश्किनचा मित्र डेल्विग यानं करून घेतलं, आणि त्याच वर्षी निकोलाय उत्किननं ते पत्र्यावर कोरलं, म्हणून दोन नावं. तैलचित्र एकच, ते आता मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे, पण पत्र्यावरून छापून लोकांच्या घरात पोचला तो उत्किनचा पुश्किन, त्यामुळं मी तर निम्मं श्रेय त्यालाच देईन.

काम बघा कसलं किचकट. सगळं उलटं कोरायचं, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवायचा, कोरणी तळहातानं पुढं ढकलायची आणि वळण आलं की हात नाही, खालचा पत्राच फिरवायचा. रेघ खोल गेली की शाई जास्त धरते, तिथं सावली गडद. गालावर रेघा विरळ करत करत शेवटी नुसते ठिपके. चुकलं तर खरवडा आणि मागून ठोकून पातळी सारखी करा.

उत्किन १७८० चा, सरदार घराण्यातल्या मुराव्योव्हचा अनौरस मुलगा, आई भूदास, म्हणजे जमीनदाराची बांधील. लहानपणीच पीटर्सबर्गच्या कला अकादमीत गेला, पुढं पॅरिसला बेर्विक या कोरणकाराच्या हाताखाली शिकला, नंतर पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयातल्या छापचित्रांची जबाबदारी त्याच्याकडं आली. सावत्र भाऊ निकिता मात्र १८२५ च्या डिसेंबरात झारविरुद्ध झालेल्या बंडाच्या प्रकरणात सापडून शिक्षा म्हणून सायबेरियाला गेला, एकाच बापाची दोन पोरं! उत्किन १८६३ मध्ये वारला.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर लांब कशाला जाताय, मिरजेत जा की. मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धनांच्या काळात, १८०५ मध्ये, तिथं तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापलीय. कोरणारा पुण्याचा तांबट, त्याला हे काम आधी नाना फडणवीसांनी लावलेलं. तिथंही अक्षरं उलटीच कोरायची, फक्त चेहरा नव्हता.

आता तुमचं चित्र भिंगातून बघा. रेघांची शाई बोटाला किंचित उठलेली लागली आणि चित्राभोवती कागदावर पत्र्याचा चौकोनी दाब दिसला तर ते पत्र्यावरून काढलेलं. जाळीसारखे एकसारखे ठिपके दिसले तर नंतर ब्लॉक करून छापलेली नक्कल, आणि पुस्तकातलं असल्यानं तेच निघायची शक्यता जास्त. काही निघालं तरी पान फाडून फ्रेम करू नका बाबा.