ह्यूगोवर पहिला ब्लॉग करताय? आधी एवढंच बघा

ह्यूगो म्हणजे साध्या मजकुराच्या फाइल्सपासून वेबसाइट बनवून देणारं सॉफ्टवेअर. अरे तू लिहिलंस ना की तीन दिवस थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, निवडण्यातच गेले, टेन्शन नको, मी तर अख्खा आठवडा घालवला होता. कुठलीतरी साधी थीम उचल आणि आधी दोन पोस्ट लिही. फक्त थीमच्या फोल्डरमध्ये घुसून बदल करू नकोस, अपडेट केलं की सगळं पुसलं जाईल; पानाच्या साच्याची जी फाइल बदलायचीय तिची कॉपी तुझ्या साइटच्या लेआउट्स फोल्डरमध्ये त्याच जागी, त्याच नावाने ठेव, ह्यूगो आधी तीच वाचतं.

नवीन माणूस हमखास अडकतो ते इथे:

- ड्राफ्ट. नवीन पोस्ट बनवली की फाइलच्या वरती 'ड्राफ्ट ट्रू' (म्हणजे पोस्ट अजून कच्ची) आपोआप येतं. ह्यूगोचा सर्व्हर 'मायनस कॅपिटल डी' (म्हणजे ड्राफ्टही दाखव) लावून चालवलास तर लोकलला, म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरवर, पोस्ट मस्त दिसते आणि साइटवर गायब! मी एक अख्खी संध्याकाळ होस्टिंगला शिव्या घालत बसलो होतो आणि चूक त्या एका ओळीत होती. तारीख चुकून उद्याची पडली तरी पोस्ट साइटवर येत नाही.
- बेस यूआरएल, म्हणजे कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधला तुझ्या साइटचा पत्ता. तिथे नमुन्याचा पत्ता तसाच राहिला की बहुतेक वेळा सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारी फाइल) लोड होत नाही, पान उघडंबोडकं दिसतं.
- पब्लिक फोल्डर, जिथे ह्यूगो तयार साइट टाकतं. त्यात हाताने काही करू नको, पुढच्या बिल्डला (साइट पुन्हा तयार केली की) त्यावर पाणी.

गिट (फाइल्समधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल) मात्र पहिल्या दिवसापासून लाव. शॉर्टकोड, टॅक्सॉनॉमी वगैरे सध्या बघूच नको, दहा पोस्ट होऊ देत मग बोलू. बिल्ड अडकलं तर कॉन्फिग फाइल आणि एररची पहिली ओळ पाठव, बघतो.