सुतात मोजणाऱ्याला मायक्रॉन जमेल का?

प्रश्न : नमस्कार सर, तासगाव रोडला माझं ग्रिल-गेटचं छोटं वर्कशॉप आहे, बारा वर्षं झाली. वय 36, शिक्षण दहावी. गेल्या महिन्यात कुपवाड एमआयडीसीतल्या एका पार्टीने 6 बेअरिंग ब्रॅकेटचं काम दिलं. 52 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मारलेल्या रिंगा त्यांनीच दिल्या होत्या, मी नुसत्या प्लेटला वेल्ड केल्या. सहाच्या सहा परत आले, एकातही बेअरिंग जाईना. वेल्डिंग तर माझं चांगलं आहे. आता आयटीआय करावं का? या वयात घेतात का? आणि वेल्डर करू की मशिनिस्ट?

उत्तर : दादा, रिंग आधी बोअर करून मग वेल्डला आली, तिथंच काम गेलं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि जॉबला आपल्याकडे ओढतो, हे तुम्हाला माहितेय, गेटची फ्रेम ओढू नये म्हणून तुम्ही समोरासमोर टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारताच की. पण गेट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ओढलं तर कुणाला दिसतंय? तुमचं 6205 बेअरिंग, बाहेरून 52, त्याच्या बोअरला ड्रॉइंगवर एच सेव्हन (भोकाच्या मापात किती फरक चालेल ते सांगणारा कोड) असेल तर 52.000 ते 52.030 एवढीच जागा, म्हणजे 30 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसापेक्षाही बारीक, आणि एका सुतात हे शंभरावर वेळा बसतं. रिंग ओव्हल झाली असणार. बोअरगेज घालून दोन दिशांनी मोजा, आकडे वेगळे येतील.

क्रम असा ठेवायचा : रिंगेत आतून दोन-तीन मिलिमीटर मटेरियल शिल्लक ठेवून वेल्ड करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग फायनल बोअर. पाणी टाकून थंड करायचं नाही, घाई असली तरी. पार्टीने बोअर करून रिंगा दिल्या ही त्यांचीही चूक, पण ते कबूल करणार नाहीत.

आता शिक्षणाचं. आयटीआयला वयाची वरची अट नाही, लाजू नका. वेल्डर एक वर्षाचा, मशिनिस्ट आणि टर्नर दोन वर्षांचे, दहावीवर चालतं. पण दिवसभराचं आहे, वर्कशॉप कोण बघणार ते आधी घरात ठरवा. माझं मत विचाराल तर वेल्डर ट्रेड तुम्हाला अर्धा माहितीचाच वाटेल, टिग (बारीक कामाचं वेल्डिंग) आणि पाइपची पोझिशन शिकायची असली, साखर कारखान्याच्या बॉयलर ट्यूबवर जायचं असलं तर गोष्ट वेगळी. तुमची उणीव मोजण्यात आहे, म्हणून टर्नर नाहीतर मशिनिस्ट. दोन वर्षं जमणार नसतील तर ओळखीच्या लेथवाल्याकडे संध्याकाळी जाऊन बसा, पहिला महिना काही कापू नका, नुसतं मोजा. व्हर्नियर 0.02 पर्यंत दाखवतो, मायक्रोमीटर 0.01 पर्यंत, आणि एकच पिन तुम्ही आणि लेथवाल्याने मोजली की आकडा वेगळा येतो, कारण तुम्ही थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरची फिरवायची नळी, आवळता. ठरावीक दाबाला घसरणारं रॅचेट कशाला दिलंय मग? ग्राइंडरवरून उचललेला गरम जॉबही मोजू नका, 100 मिलिमीटरचं स्टील 10 डिग्री तापलं की साधारण 12 मायक्रॉन वाढतं. सांगलीच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर बघायलाच नको.

हे काही परकं शास्त्र नाही, किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यात 1910 ला उभी राहिली ती लोखंडी नांगरावर.

आणि ते सहा ब्रॅकेट भंगारात घालू नका. बोअर मोठा करून बुश (आत बसवायची नळी) मारता येतो, पण रिंगेची भिंत पुरते का ते आधी बघा. बुश प्रेसने दाबून बसवा, मग आतून 52 चा फायनल बोअर मारून घ्या, आणि त्यानंतर भीती वाटली म्हणून कडेला टॅक मारू नका, एकसुद्धा नाही.