निर्जल इथेनॉलसाठी कर्ज काढावे का?

प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या छोट्या डिस्टिलेशन संचातून रोज 40 लिटर, वर्षाला साधारण 10,000 लिटर इंधन-इथेनॉल निघते. शुद्धता आकारमानाने 95 टक्के, आणि लिटरमागे एक किलो वाळलेले लाकूड जळते. आता 99.5 टक्के निर्जल माल विकावा म्हणून मॉलिक्युलर सीव्हचा (पाणी शोषणाऱ्या मण्यांचा) संच कर्जावर घ्यायचा विचार आहे. हातात दुसरे, लहान कोटेशनही आहे: हीट एक्स्चेंजर (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारे साधन) आणि कॉलमला (वाफ वर चढते त्या उभ्या नळकांड्याला) उष्णतारोधक आवरण. वर्षाचा जळणखर्च 100 धरला, तर सीव्हचा संच 400 ला आणि दुसरे काम 90 ला पडते. कर्ज पाच वर्षांचे, 12 टक्क्यांनी.

माझे उत्तर: 90 चे काम आधी करा, आणि तेही बचतीतून. सीव्हसाठी आज कर्ज काढू नका.

कारण तुमच्या लाकडाच्या हिशेबातच दिसते. वाळलेल्या लाकडातून किलोमागे सुमारे 15 मेगाज्यूल उष्णता मिळते. बॉयलरची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर लिटरमागे 9 मेगाज्यूल संचापर्यंत पोचतात. आता गरज पाहू. वॉशमध्ये (किण्वन झालेल्या द्रवात) 10 टक्के इथेनॉल असेल तर एका लिटरसाठी 10 लिटर वॉश तापवावा लागतो. 30 अंशांपासून उकळीपर्यंत, म्हणजे 92-93 अंशांपर्यंत नेण्यात 2.6 मेगाज्यूल जातात. रिफ्लक्स गुणोत्तर 3 असेल, म्हणजे काढलेल्या एका भागामागे तीन भाग द्रव कॉलममध्ये परत सोडला जात असेल, तर एक भाग माल काढायला चार भाग वाफ वर चढवावी लागते, त्याला आणखी 3.2. बेरीज 5.8. बॅचच्या शेवटी भांडे 100 अंशांकडे जाते, त्यात थोडी उष्णता जाते हे खरे. पण उरलेल्या 3.2 मेगाज्यूलपैकी बरीचशी उघड्या कॉलममधून आणि भांड्यातून हवेत जाते.

उघड्या कॉलमचा तोटा दुहेरी असतो. भिंतीवर वाफ आतल्या आत थंड होऊन खाली पडते. हा तुमच्या हातात नसलेला रिफ्लक्स. त्यामुळे रिफ्लक्सची झडप थोडीच उघडी ठेवूनही प्रत्यक्षात वाफ कितीतरी जास्त लागते, आणि वारा सुटला की मालाची टक्केवारी हलते. 50 मिलिमीटर जाडीची रॉकवूल आणि वरून पत्र्याचे आच्छादन एवढ्याने निम्मी गळती, म्हणजे 1.6 मेगाज्यूल, वाचेल असे धरू.

दुसरी बचत तळाच्या गरम स्पेंटवॉशमधून, म्हणजे इथेनॉल काढून घेतल्यावर उरलेल्या वॉशमधून. तो उलट दिशेने वाहवत पुढच्या बॅचचा वॉश तापवला, तर 2.6 पैकी 1.8 परत मिळवणे शक्य आहे. बॅच पद्धतीत त्यासाठी वेगळी, झाकलेली टाकी हवी. कोटेशनमध्ये ती धरली आहे का, ते पाहा. प्लेटचा एक्स्चेंजर मात्र घेऊ नका. यीस्ट आणि तंतू अरुंद फटींत अडकतात, आणि महिन्याभरात प्रवाह निम्मा होऊ शकतो. नळीत नळी असलेला, आतला मार्ग रुंद असलेला, उघडून घासता येणारा स्टेनलेस स्टीलचा प्रकार या कामाला बरा.

दोन्ही मिळून 9 पैकी 3.4, म्हणजे जळणात 38 टक्के बचत. 90 ची गुंतवणूक साधारण अडीच वर्षांत सुटते; बचत निम्मीच झाली तरी पाच वर्षांच्या आत. त्यासाठी नवा ग्राहक शोधावा लागत नाही, हे मला जास्त मोलाचे वाटते.

(वॉशच्या टक्केवारीकडेही बघा. 8 टक्के असेल तर तापवण्याचा खर्च 3.3 मेगाज्यूलवर जातो, 12 टक्के असेल तर 2.2 वर येतो. किण्वन सुधारायला कर्ज लागत नाही.)

आता सीव्हकडे. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाने 95.6 टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही; तिथे द्रव आणि वाफ यांची घडण एकच होते. म्हणून 3 अँगस्ट्रॉम छिद्रांचे मणी वापरतात: पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा बाहेर राहतो. तुमच्या 95 टक्के मालात लिटरमागे सुमारे 62 ग्रॅम पाणी आहे, रोजच्या 40 लिटरमध्ये अडीच किलो. विक्रेते मण्यांची क्षमता वजनाच्या 20 टक्के सांगतात, पण तो प्रयोगशाळेतला आकडा. रोजच्या वापरात 10 टक्के धरा, म्हणजे 25 किलो मणी. त्यांच्या फटींत 13 लिटरच्या आसपास इथेनॉल अडकून राहते. ते निथळून घ्यावे लागते, आणि जे निथळत नाही ते पुन्हा कॉलममधून काढावे लागते. एखाद्या दिवशी माल 90 टक्क्यांवर घसरला, तर पाणी जवळपास दुप्पट होते आणि मणी अर्ध्या बॅचलाच भरतात. सीव्ह बिघडला अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुतेक वेळा आधीच्या कॉलमचा असतो.

मणी पुन्हा कोरडे करायला 200 अंशांहून जास्त तापमान लागते. तुमच्या बॉयलरच्या वाफेने ते होणार नाही. 10 बारची वाफसुद्धा 180 अंशांचीच असते. म्हणजे विजेचा हीटर आला. सिद्धांताने लिटरमागे 0.4 मेगाज्यूल पुरतात, पण लहान संचात भांडेही तापते, म्हणून 1 मेगाज्यूल, म्हणजे 0.28 युनिट वीज धरा.

पैशांचा हिशेब असा: 400 च्या कर्जाचा वार्षिक हप्ता 107. वीज 15 आणि मणी बदलण्याचा राखीव निधी 10, हे माझे अंदाज. तुमचे दर घालून पाहा. एकूण 132. याचा अर्थ, निर्जल मालाला 95 टक्के मालापेक्षा लिटरमागे जो जादा भाव मिळेल, तो तुमच्या आजच्या लिटरमागच्या जळणखर्चाच्या 1.32 पट असेल तेव्हा कुठे तुम्ही जागच्या जागी राहता. मजुरी आणि नफा त्यानंतर. विक्री 60 टक्केच झाली तर हाच आकडा 2.1 पट होतो, कारण हप्ता कमी होत नाही.

मुळात ग्राहकाला निर्जल माल लागतो का, हे विचारा. पेट्रोलमध्ये मिसळायचा असेल तर लागतो. पाणी असले की मिश्रण फुटते आणि खाली पाणी-इथेनॉलचा थर बसतो. पण बर्नरसाठी किंवा त्यासाठीच जुळवलेल्या इंजिनासाठी 95 टक्के माल चालतो. ब्राझीलमध्ये पाणीयुक्त इथेनॉलवर गाड्या कित्येक दशके धावत आहेत.

स्वस्त पर्याय म्हणून कोणी कळीचा चुना सुचवेल. एक किलो पाण्याला निदान तीन किलो चुना लागतो, त्या लगद्यात इथेनॉल अडकते, आणि चुना भाजायला 900 अंशांची भट्टी लागते. निर्वातात ऊर्ध्वपातन केले तर ती 95.6 ची मर्यादा नाहीशी होते, पण वातावरणाच्या दहाव्या हिश्शाहून कमी दाबाला. तिथे इथेनॉल 30 अंशांच्या आत उकळते, म्हणजे कंडेन्सरला बर्फासारखे पाणी द्या. बेंझिन घालून पाणी काढण्याची पद्धत जुनी असली, तरी ते कर्करोगकारक आहे. लहान जागेत तिचा विचारच नको.

आवरण आणि एक्स्चेंजर बसवल्यावर तीन महिने रोजचे लाकूड, वॉशची टक्केवारी आणि मालाची टक्केवारी लिहून ठेवा. सहा महिन्यांचा घरखर्च आणि दोन महिन्यांचे खेळते भांडवल बाजूला असेल, आणि किमान 70 टक्के उत्पादनाची लेखी मागणी किमतीसह हातात असेल, तर सीव्हचा विषय पुन्हा काढू. निर्जल माल बनवायला, साठवायला परवाना आणि विमा दोन्ही पुन्हा तपासावे लागतील. विमा कंपनीला न कळवता नवा संच सुरू केला तर दावा नाकारला जाऊ शकतो.

तेव्हा विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागा. मण्यांची क्षमता 95 आणि 90 टक्के मालावर, चालू संचात किती? 99.5 टक्क्यांची खात्री कशाने मोजणार? हायड्रोमीटरला इतका बारीक फरक नीट दिसत नाही. पाण्याचे प्रमाण मोजणारी कार्ल फिशर चाचणी हवी. आणि तापवण्याआधी मण्यांमधले इथेनॉल निर्वाताने किंवा नायट्रोजनने काढल्याशिवाय हीटर सुरूच होणार नाही अशी कुलूपव्यवस्था आहे का? इथेनॉलची वाफ हवेत 3.3 ते 19 टक्के असली की पेट घेते. ही व्यवस्था नसलेले कोटेशन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.