तारे मोजा, मग पैसे मोजा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ब्राझीलची पिवळी जर्सी दिसली. विकणारा म्हणतो, 1994च्या फुटबॉल विश्वचषकाची अस्सल आहे. घेऊ का? (पर्वरी)

आधी बोधचिन्हावरचे तारे मोजा. त्या स्पर्धेत ब्राझील उतरला तो तीन विश्वविजेतेपदं घेऊन, म्हणून तारे तीनच. चौथा तारा त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीला पेनल्टींवर हरवल्यानंतरचा. चार तारे असले म्हणून जर्सी लगेच नकली ठरत नाही, कारण तेव्हा ब्राझीलच्या जर्सी बनवणाऱ्या उम्ब्रो कंपनीने त्यानंतरही त्या बनवल्या. पण मग ती स्पर्धेतली नव्हे, आणि स्पर्धेच्या जर्सीचा भाव तिला देऊ नका. छातीवर उम्ब्रोऐवजी नायकी कंपनीचं चिन्ह असेल तर बोलणंच खुंटलं, ती 1994ची नव्हेच. कापड उजेडात तिरकं धरा. विणीतच बोधचिन्हाची मोठी पुसट नक्षी उठून दिसली पाहिजे.

जर्मनीचा सरावाचा टॉप मिळाला, पण त्यावर मर्सिडीजचं चिन्ह आहे. राष्ट्रीय संघाच्या जर्सीवर जाहिरात नसते ना? (वास्को)

सामन्याच्या जर्सीवर नसते. सरावाच्या कपड्यांवर चालते, आणि जर्मनीच्या सरावाच्या कपड्यांवर ते चिन्ह कित्येक वर्षं होतं. निर्धास्त घ्या. सरावाचे कपडे अजून स्वस्तात मिळतात. मला स्वतःला तेच जास्त आवडतात.

पावसाळ्यात कपाटातल्या जर्सींना बुरशी येते, पाठीवरचे आकडे एकमेकांना चिकटतात. (काणकोण)

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हीच रड. पॉलिएस्टरला बुरशी सहसा धरत नाही, ती धरते त्यात राहिलेल्या घामाला आणि मळाला. म्हणून मे महिन्यातच प्रत्येक जर्सी उलटी करून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. इस्त्री आकड्यांवर कधीच नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल आतच राहते. घडी घालताना आकड्याला आकडा लागू देऊ नका. मध्ये जुन्या धुतलेल्या सुती साडीचा तुकडा ठेवा. एक पदर पुरतो. डांबरगोळ्या छपाईजवळ नकोत, प्लॅस्टिक मऊ पडतं. चिकटलेले आकडे ओढून सोडवायला जाल तर रंग निघून येईल. खोली थंड करून, कडेकडेने, सावकाश सोडवा.

मामा 1989च्या सुमारास इंडियाच्या फुटबॉल संघाच्या शिबिरात होते. त्यांचा ट्रॅकसूट सापडलाय, कोपरावर फाटलाय, गुडघ्यावर मातीचा डाग. आई म्हणते रफू करून धुऊन टाकू. (साखळी)

आईंना माझा नमस्कार सांगा आणि सुई-दोरा ठेवून द्यायला सांगा. धुवायचंही नाही, फक्त सावलीत वारा लागू द्या. ती फाट आणि तो डाग हीच त्याची आठवण आहे. त्या वर्षी नेहरू चषक ही आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा फातोर्ड्यात झाली, हंगेरी आणि सोव्हिएत संघ आपल्या मडगावात खेळले. आम्ही परदेशी जर्सींसाठी हजारो रुपये मोजतो आणि आपल्या खेळाडूंचे कपडे पोछ्याला जातात, याचं मला फार वाईट वाटतं. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर या मातीने देशाला दिला. त्या पिढीच्या अंगावरचं किती कापड आज शिल्लक असेल?

नुसता ट्रॅकसूट मात्र अर्धाच ठेवा आहे. येत्या रविवारी मामांच्या शेजारी बसा. शिबिर कुठल्या गावी होतं, कपडे कोणी वाटले, खोलीत सोबत कोण होतं, कोपर कुठे फाटलं, सगळं तारखेसकट वहीत लिहा आणि खाली मामांची सही घ्या. शिबिरातला एखादा फोटो निघाला तर त्याच पेटीत ठेवा.